बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान: मुलाबाळांसह एक दिवस कसा आखावा

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कुटुंबाचा दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणानं: अंतराचा अंदाज चुकतो. महामार्गाला लागून दार, आत डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं. त्यामुळे ही एखादी मोठी बाग असावी असं वाटतं. प्रत्यक्षात हे १०० चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आहे आणि बरेच जण ज्यांच्यासाठी येतात ती कान्हेरीची लेणी मुख्य दारापासून सुमारे ६ किलोमीटर आत, टेकडीवर आहेत. साडेदहाला पोचायचं, आधी बोटिंग, मग सफारी, आणि जेवण झाल्यावर लेणी, असा बेत केला की लेण्यांपाशी जाईपर्यंत दुपार कलते. कातळ तापलेला असतो, पाणी संपत आलेलं असतं आणि सहा वर्षांचं मूल पहिल्या पायऱ्यांवरच बसकण मारतं.

म्हणून घरूनच ठरवून निघा: कान्हेरी करायची की दाराजवळचा भाग. दोन्ही एका दिवसात जमतात, पण मुलं दहाच्या पुढची असतील आणि तुम्ही सकाळी पहिल्या तासात आत शिरलात तरच.

दाराजवळच्या भागाला कृष्णगिरी उपवन म्हणतात. सपाट रस्ता, बाकं, स्वच्छतागृहं, बोटिंगचा तलाव, गांधी टेकडीवरचा स्मारक मंडप, निसर्ग माहिती केंद्र, सफारीचं तिकीट, सगळं इथं आहे. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल, किंवा आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील, तर पूर्ण दिवस इथंच काढा. बाबागाडी इथल्या रस्त्यांवर चालते. कान्हेरीला ती घेऊन जाऊ नका. तिथं तिकीट खिडकीनंतर पायऱ्याच आहेत आणि पुढं कातळात कोरलेल्या, झिजलेल्या, उंची कमीजास्त असलेल्या पायऱ्या.

पोचणं आणि आत जाणं

सोमवारी उद्यान बंद असतं आणि त्याबरोबर कान्हेरीही. शाळेला सुटी, ऑफिसला रजा असा सोमवार साधून आलेली कुटुंबं दारावरून परत जातात, म्हणून हे पहिल्यांदा लक्षात ठेवा.

लोकलनं आलात तर बोरिवली स्टेशनला पूर्वेला उतरा. तिथून दार चालत पंधरा ते वीस मिनिटांवर आहे, रिक्षाही मिळते. मेट्रोच्या ७ क्रमांकाच्या मार्गावर थेट ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचं स्थानक आहे; लहान मुलं असतील तर हा मार्ग उत्तम, कारण महामार्ग रस्त्यावरून ओलांडावा लागत नाही. स्वतःची गाडी आणणाऱ्यांनी ती कान्हेरीच्या पायथ्यापर्यंत नेता येईल असं धरून चालू नये. आतल्या खासगी वाहनांचे नियम आणि शुल्क बदलत आलेले आहेत. दाराशी विचारा, आणि गाडी बाहेर ठेवावी लागली तरी दिवस पार पडेल अशी तयारी ठेवा.

पर्यटकांसाठी दार सकाळी साडेसातच्या सुमारास उघडतं. तेव्हाच आत जा. रविवारी साडेनऊनंतर तिकिटाची रांग वाढते, दहानंतर आतल्या बसची. बरोबर सुटे पैसे आणि मोबाइलवरून पैसे द्यायची सोय दोन्ही ठेवा. तिकिटं एकाच ठिकाणी एकदम मिळत नाहीत हेही समजून घ्या: प्रवेशाचं वेगळं, सफारीचं वेगळं, बोटीचं वेगळं. कान्हेरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असल्यामुळे तिथलं तिकीट तिथल्याच खिडकीवर काढावं लागतं. भारतीयांना २५ रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना मोफत.

दारावर पिशव्या तपासतात आणि प्लास्टिक अडवतात. पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या, डबे आणि कापडी पिशव्या घेतल्या की हा प्रश्न उरत नाही. वेफर्सची पाकिटं घरीच डब्यात रिकामी करून आणा. कचरा होऊ नये हे कारण आहेच, पण त्या पाकिटाचा कुरकुर आवाज माकडांना पाठ झालेला आहे, हे दुसरं.

पिशवीत काय

पाण्याचं माप कमी धरू नका. कान्हेरीला जाणार असाल तर मोठ्या माणसामागं दीड लिटर, मुलामागं एक लिटर. मार्च ते मे आणि ऑक्टोबरात त्यावर आणखी अर्धा लिटर. एका बाटलीत मीठ-साखरेचं पाणी न्या: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ यापेक्षा जास्त झालं तर मुलाला उलटी होते, म्हणून अंदाजानं घालू नका. मूल गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, तोंड लाल पडलं की आधी सावलीत बसवून हे पाणी घोट घोट द्या. गटागटा पाजलं तर बाहेर येतं.

खायला कोरडं न्या. पोळीची गुंडाळी, दशम्या, धपाटे, गूळ-शेंगदाणे, भाजलेले चणे. दहीभात उन्हात तीन-चार तासांत आंबतो. केळी नकोत; वास दूरवर जातो आणि सोललेलं केळं मुलाच्या हातात राहतच नाही. रस्त्याकडेला पाड्यांवरच्या बाया मोसमाप्रमाणं काकडी, बोरं, चिंचा, करवंदं, जांभळं विकतात. ती जरूर घ्या, पण तिथंच उभ्यानं खाऊन मोकळे व्हा. हातात द्रोण घेऊन चालत निघालात की माकडं मागं लागतात.

अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, मातकट किंवा हिरवट रंगाचे. पायात खाचदार तळव्याचे बूट. चपला आणि गुळगुळीत तळव्याचे फॅशनचे बूट कातळावर घसरतात, आणि इथल्या बहुतेक दुखापती अशाच होतात. प्रथमोपचाराच्या डबीत पट्ट्या, जंतुनाशक, लहानसा चिमटा, आणि रुंद चिकटपट्टी ठेवा. चिकटपट्टी कशासाठी ते पुढं येतंच.

दुर्बीण असेल तर ८ पट वाढवणारी आणा. १० पटीची मुलांच्या हातात थरथरते, त्यांना पक्षी सापडत नाही आणि पाच मिनिटांत दुर्बिणीतला रस संपतो.

कान्हेरी

जायचे तीन मार्ग: उद्यानाची बस, भाड्याची सायकल, पायी. लहान मुलं असतील तर बस. चढताना चालकाला शेवटची बस पायथ्यावरून किती वाजता सुटते ते विचारा आणि आपली परत निघायची वेळ त्याच्या निदान दीड तास आधीची ठरवा. सुटीच्या दिवशी शेवटच्या बसमध्ये जागा मिळेलच असं नसतं.

सायकल बारा वर्षांपुढच्या मुलांना छान जमते. ओळखपत्र आणि अनामत लागते. सायकल ताब्यात घेण्याआधी तीन गोष्टी पाहा: दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकलली तर चाक फिरतं का, टायर अंगठ्यानं दाबला तर आत जातो का, आणि मुलाचे पाय जमिनीला टेकतील एवढी सीट खाली येते का. ब्रेकवर अडून बसा. रस्ता बराचसा सोपा आहे, पण कान्हेरीच्या जवळ शेवटी चांगला चढ लागतो आणि परतताना तोच उतार होतो. तिथं मुलं सुसाट सोडतात, समोरून बस वळणावर येते. चढ सायकल हातात धरून चढा, उतार मोठ्या माणसाला पुढं ठेवून उतरा.

पायी निघालात तर मुलांसह दीड ते दोन तास धरा. सकाळी आठच्या आत निघालात तर हा रस्ताच दिवसातला सगळ्यात सुंदर भाग ठरतो. अकरानंतर तो नुसता तुडवावा लागतो.

वर शंभराहून जास्त लेणी आहेत आणि सगळी बघायचा हट्ट धरू नये. इसवी सनाच्या आसपासपासून साधारण हजार वर्षं इथं बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. म्हणजे हा एक मोठा मठच होता आणि मुलांना तो तसाच दाखवावा. नुसत्या मूर्ती दाखवत गेलात तर तिसऱ्या लेण्यानंतर त्यांना कंटाळा येतो. माणसं इथं कशी राहत असतील हे शोधायला लावलंत तर ती पुढं पळतात. निजायचे दगडी ओटे शोधा. पावसाचं पाणी उतारावरून लेण्याशेजारच्या टाक्यात नेणारे कोरीव पन्हळ शोधा. वर्षाचे आठ महिने कोरड्या असणाऱ्या डोंगरावर इतकी माणसं राहू शकली ती या टाक्यांच्या जोरावर, आणि हे बोटानं रेघ ओढून दाखवता येतं. टाक्यांना कठडे नाहीत आणि खोली वरून कळत नाही. तिथं हात धरूनच उभं करा.

सुरुवात ३ क्रमांकाच्या चैत्यगृहानं, म्हणजे भिक्खूंच्या प्रार्थनेच्या दालनानं करा, पायऱ्या चढून गेलात की ते जवळच आहे. ओसरीत दोन्ही टोकांना सुमारे ७ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत. आत खांब मोजायला सांगा आणि कोणते खांब पुरे झाले, कोणते अर्धवट राहिले ते ओळखायला लावा: काहींना घडीव तळखडे आहेत आणि माथ्यावर हत्ती-माणसं कोरलेली आहेत, बाकीचे साधे अष्टकोनी सोडून दिले आहेत. मग ११ क्रमांकाचं दरबार लेणं. लांबच लांब दोन दगडी बाकं पाहून इथं ओळीनं बसत असणार हे लहान मूलही सांगतं. लहानांसाठी एवढं पुरे. इथवर तासाभरात होतं.

पाय दमले नसतील तर वर ४१ क्रमांकाकडं जा. तिथला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर (करुणेचा बोधिसत्त्व) भारतात क्वचितच दिसतो. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत. साल १००९ आणि १०२१ मध्ये इथं येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी ते कोरून ठेवले. आज मात्र भिंतीवर बोटानं किंवा खडूनंही काही लिहू देऊ नका. हे संरक्षित स्मारक आहे आणि तो गुन्हा आहे.

साडेअकरा-बारापर्यंत खाली उतरायला लागा. या टेकडीवर सावली फक्त लेण्यांच्या आत आहे.

माकडं, बिबट्या आणि बाकीचे

इथं लाल तोंडाची माकडं आणि काळ्या तोंडाचे वानर दोन्ही आहेत. वानर सहसा झाडावर आपल्या नादात असतात. त्रास देतात ती माकडं. त्यांना खायला घालायला बंदी आहे आणि ती पाळावी, कारण आज तुम्ही दिलेला बिस्किटाचा तुकडा उद्या दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या हातातून ओढला जातो. माकड जवळ आलं तर डोळ्याला डोळा लावू नका, दात दाखवून हसू नका. त्यांच्या लेखी दोन्ही गोष्टी धमकीच्या आहेत. पळू नका. खाणं हातात असेल आणि त्यानं पकडलंच तर सोडून द्या. ओढाताणीतच चावे बसतात. चावलं किंवा ओरखडलं तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. जखम लहान आहे म्हणून थांबू नका. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

बिबटे या जंगलात कायम राहतात. दिवसा रस्त्यावर कुटुंबाला दिसणं दुर्मीळ, पण नियम पाळायचे ते त्यांच्यासाठी. मुलं मोठ्यांच्या मधोमध चालवा, पुढं पळू देऊ नका, मागं रेंगाळू देऊ नका. झुडपाआड एकट्या मुलाला शू-शीला बसवू नका: वाकून बसलेलं लहान शरीर बिबट्याला माणूस वाटत नाही. स्वच्छतागृह दाराजवळच्या भागात आणि कान्हेरीच्या पायथ्याशी आहे, तिथं आठवणीनं थांबा. अंधार पडायच्या बराच आधी दारापाशी परत या. वाटेत वानरांचं एकाएकी खाकरल्यासारखं ओरडणं आणि चितळांची तीक्ष्ण हाक एकाच दिशेनं आली तर तिकडं बघायला जाऊ नका. एकत्र व्हा आणि रस्त्यानं पुढं चला.

कड्यांना किंवा उंच झाडांना आग्या मोहोळ दिसलं तर त्याच्याखाली थांबणं, ओरडणं, दगड भिरकावणं नको. त्या दिवशी अत्तर किंवा वासाचा स्प्रे लावूच नये. मात्र फांदीला चिकटलेला तपकिरी, शेणाच्या गोळ्यासारखा खवलेदार गोळा दिसला तर ते मोहोळ नसून मुंग्यांचं घर असतं. मुलांना ते दुरून जरूर दाखवा.

हिवाळ्यात सगळ्यात जास्त रडू येतं ते खाजकुयलीनं. इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या, मखमली सोनेरी-तपकिरी लवेच्या शेंगा वेलीवर लोंबत असतात आणि मुलांना हात लावावासा वाटतोच. लव अंगाला लागली की चोळू नका, पाणीही लगेच ओतू नका. चोळल्यानं ती पसरते आणि खोल जाते. चिकटपट्टीचा तुकडा त्वचेवर दाबून उचला, प्रत्येक वेळी नवा तुकडा घ्या. पाच-सहा वेळा केलंत की बरीचशी लव निघते, मग धुवा. कपड्यांवर लागली असेल तर ते बदला. डोळ्यात गेली तर भरपूर पाण्यानं धुऊन थेट डॉक्टरकडं.

दाराजवळच्या भागात दिवस काढायचा असेल तर

सफारीची जाळीची बस सिंह आणि वाघ दाखवते. हे प्राणी कुंपण घातलेल्या जागेत ठेवलेले आहेत, मुलांना ते आधीच सांगा; बोरिवलीच्या जंगलात सिंह मोकळे फिरत नाहीत. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत प्राणी हिंडताना दिसतात, दुपारी झाडाखाली पडून असतात. म्हणून आत शिरल्या शिरल्या आधी सफारीचं तिकीट काढा, बोट नंतर.

वनराणी या छोट्या आगगाडीचं मुलांना घरूनच कबूल करू नका. २०२१ च्या तौक्ते वादळात तिच्या मार्गाचं नुकसान झालं आणि ती बराच काळ बंद होती. चालू आहे का ते खिडकीवर कळतं.

निसर्ग माहिती केंद्रात अर्धा तास द्या आणि तिथंच मार्गदर्शकासह निघणाऱ्या निसर्गफेऱ्यांची चौकशी करा. शिलोंड्यासारख्या आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय जाता येत नाही. तुळशी आणि विहार ही तळी मुंबईला पाणी पुरवतात, तीही पर्यटकांना खुली नाहीत. डांबरी रस्ता सोडून ‘इथूनच जरा आत’ शिरणं हे चुकायचं सगळ्यात सोपं निमित्त. पानगळीच्या जंगलात दहा पावलांवर सगळ्या वाटा सारख्या दिसतात आणि आत मोबाइलला रेंज कमी असते. मुलाच्या दंडावर पेनानं फोन नंबर लिहा आणि हरवलं तर कुठं उभं राहायचं ती जागा आल्या आल्या दाखवून ठेवा.

कोणत्या महिन्यात

नोव्हेंबर ते फेब्रुवारी निर्धास्त या. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर ते नोव्हेंबर, फुलपाखरं आणि मोठाले जाळीवाले कोळी रस्त्याच्या कडेलाच दिसतात. निळ्या-काळ्या पंखांचं नीलवंत दिसलं तर ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे हे मुलांना सांगा, २०१५ मध्ये ते ठरलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. फुललेल्या एका काटेसावरीखाली अर्धा तास शांत बसलात तर चालून दिसले नसते एवढे पक्षी येऊन जातात, आणि लहान मुलांसाठी पक्षी बघायची यापेक्षा चांगली रीत नाही. कारवीचं झुडूप मात्र आठ वर्षांतून एकदा फुलतं. इथं ते २०१६ आणि २०२४ मध्ये फुललं, म्हणजे आता २०३२.

पावसाळ्यात जंगल देखणं असतं आणि गर्दीही तेव्हाच उसळते. ओढ्यात उतरू नका, घोटाभर पाणी दिसलं तरी. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं, आणि पाणी गढूळ होणं किंवा काड्या-पानं वाहून येणं ही त्याची पहिली खूण. कान्हेरीच्या पायऱ्यांवर तेव्हा शेवाळ असतं. उतरताना आडवे पाय टाका, मुलांना डोंगराच्या बाजूला ठेवा, आणि जोराचा पाऊस असेल तर वर चढूच नका, ३ क्रमांकाच्या लेण्यावरून परत फिरा.

घरी आल्यावर सगळ्यांचे कपडे थेट धुवायला टाका आणि मुलांना आंघोळीच्या वेळी नीट तपासा: कानामागं, काखेत, जांघेत, बेंबीत, केसांच्या मुळांशी. गवतातून गोचीड चिकटून येतो. सापडला तर चिमट्यानं त्वचेच्या अगदी लगत धरून, न पिळता, सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, विस्तव काही लावू नका. त्यानं गोचीड आतली घाण जखमेत सोडतो. जागा साबणानं धुवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप किंवा अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आपणहून सांगा.